निकाल लागेपर्यंत

शाळेतल्या पोरांना ते सगळ्यांच्या आधी कळायचं. प्रार्थना झाली, हजेरी झाली आणि तरीही गुरुजी खुर्चीत बसले नाहीत, की मागच्या रांगेतून कुजबुज सुरू व्हायची, "आज मॅच हाय." कुठे, कोणाशी, हे पोरांना ठाऊक नसे. आपल्या देशाचा तरुण पोरांचा फुटबॉल संघ तिकडे रंगूनला नाहीतर बँकॉकला मैदानात उतरायचा आणि इकडे पुणतांब्याच्या प्राथमिक शाळेत गुरुजी उभे राहायचे. निकाल कळेपर्यंत बसायचं नाही, असा त्यांचा नेम होता. वर्गात नाही, घरी नाही, देवळाच्या ओट्यावरही नाही. जेवायला तेवढे बसत, कारण उभ्याने जेवणाऱ्याला वाढणार नाही असं त्यांच्या पत्नीने बजावलं होतं.

अडचण अशी होती की निकाल यायला दिवस लागत. रेडिओवर गुरुजींचा विश्वास नव्हता. रेडिओवाला घाईत असतो, ते म्हणत, आणि घाईतला माणूस हार सांगताना जीत सांगून मोकळा होतो. छापलेलं पाहिजे. मराठी वर्तमानपत्रांत तरुणांच्या फुटबॉलला ओळभरही जागा मिळत नसे. कलकत्त्याच्या इंग्रजी वर्तमानपत्रात मात्र सगळं सविस्तर यायचं, आणि ते मनमाडला हावड्याच्या गाडीतून उतरायचं. मनमाडहून दौंडकडे जाणाऱ्या गाडीवर एक गार्ड होते. कोणा प्रवाशाने टाकून दिलेला तो शिळा अंक ते पुणतांब्याच्या फलाटावर गुरुजींच्या हातात ठेवत. त्यामुळे मॅच संपून सगळे खेळाडू आपापल्या घरी पोचलेले असत आणि गुरुजी अजून उभेच असत.

मी त्या गावच्या हायस्कुलात इंग्रजी आणि मराठी शिकवायला गेलो होतो. एकटाच होतो, खोलीत पुस्तकं होती, बोलायला फारसं कोणी नव्हतं. एका संध्याकाळी दारात एक उंच, किंचित वाकलेले गृहस्थ येऊन उभे राहिले. पांढरा सदरा, धोतर, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, समोरचा एक दात नाही. हातात चुरगळलेला पेपर.

"सर, तुमी विंग्रजीचे ना? एवढं वाचा."

मी खुर्ची पुढे केली. त्यांनी तिच्याकडे नुसतं पाहिलं.

"आमच्या लिंगायतांत मानूस मेला तरी बसवूनच न्हेत्यात," ते म्हणाले. "बसायची काय घाई न्हाई. वाचा."

मी वाचलं. आपला संघ हरला होता. मी वर पाहिलं, तर गुरुजी त्या खुर्चीत शांतपणे बसले होते. निकाल लागला होता.

वर्गात ते पुस्तकी मराठी बोलत आणि वर्गाबाहेर पाऊल टाकलं की गावाची. फुटबॉल त्यांना नगरला लागला. शिक्षकाचं ट्रेनिंग घेत असताना मैदानाच्या कडेने चालले होते. छावणीतले शिपाई खेळत होते. चेंडू तोंडावर येऊन आदळला आणि दात गेला. "आता दात दिलाय म्हटल्यावर खेळ काय हाय ते तरी बघावं," असं म्हणून ते तिथे थांबले, ते कायमचेच. पण मोठ्यांच्या संघाविषयी त्यांना काही वाटत नसे. "मोठी मानसं हरली की कारनं सांगत्यात. पोरं हरली की रडत्यात. रडतंय त्याच्याबरोबर ऱ्हावं मानसानं."

आणि पोरं हरतच असत. तरुणांच्या संघाची सगळी कामगिरी गुरुजींना तोंडपाठ होती. कोणत्या साली पहिल्याच फेरीतून परत, कोणत्या साली बरोबरीपर्यंत आणून शेवटी पाय घसरला, हे ते घरातल्या आजारपणांसारखं सांगत. मला त्यातले आकडे कधी लक्षात राहिले नाहीत. लक्षात राहिल्या त्या त्यांच्या शंका. तिकडे भाकरी मिळत असेल का? नवे बूट चावत असतील, त्यांना कोणी तेल लावायला सांगितलं असेल का? सामना हरल्यावर रात्री पोरांच्या जवळ कोण झोपतं? मी म्हणायचो, "व्यवस्थापक असतात बरोबर." गुरुजी म्हणायचे, "मॅनेजर वेगळा आनि मानूस वेगळा."

स्वतः त्यांनी गावात एक संघ उभा केला होता. कबड्डी आणि कुस्तीच्या मुलखात हे काम सोपं नव्हतं. चेंडू एकच. तो गावातल्या चांभाराने इतक्यांदा शिवला होता की एका अंगाने जड झाला होता आणि मारला की आपला आपणच डावीकडे वळायचा. गुरुजी म्हणत, बरंच आहे, सरळ चेंडू कोणीही अडवील. खेळ गोदावरीच्या पात्रात, वाळूत. बाभळीचे दोन खांब रोवून गोल केलेला.

या संघामुळे गुरुजी तालुक्यात नावाजले, पण खेळामुळे नव्हे. वयाची अट असलेल्या स्पर्धांना सगळेच संघ दोन-चार घोडे पोरं म्हणून आणत. गुरुजींना ते सहन होत नसे. कोपरगावच्या एका स्पर्धेत सामना सुरू व्हायच्या आधी ते मैदानात गेले आणि समोरच्या संघाच्या रांगेपुढून चालत एकेकाच्या वरच्या ओठावरून बोट फिरवू लागले. तिसऱ्या की चौथ्या खेळाडूपाशी थांबून मोठ्याने म्हणाले, "काय पाव्हनं, पोरंबाळं किती?"

मैदान हसलं. त्या खेळाडूला खरंच दोन मुलं होती. त्या संघाचे ड्रिलमास्तर लालबुंद झाले.

"गुरुजी, शाळेचे दाखले आहेत आमच्याकडे!"

"दाखला तुमचा. मिशी देवाची. मी देवाचं वाचतो."

चौघांना बाहेर बसावं लागलं. पुढे कुठल्याही स्पर्धेत गुरुजी दिसले की लोक वरच्या ओठावर बोट फिरवून एकमेकांना खुणावत. त्यांना त्याचा अभिमान होता. पुढे काय होणार होतं ते त्या वेळी कोणाला माहीत होतं?

सोपान त्यांच्या संघाचा गोलकीपर. आई उसाच्या फडात खुरपायला, तोडायला जाणारी. बाप लहानपणीच गेलेला. पोरगा उभा राहिला की त्याचे हात गुडघ्याला टेकतात की काय असं वाटे. वाळूत पडायची भीती नसल्यामुळे तो असा झेपावे की पाहणाऱ्याचा श्वास अडकावा, आणि एका अंगाने जड असलेल्या त्या चेंडूची सवय झाल्यामुळे साधा चेंडू त्याला कधी चकवत नसे. बहात्तरच्या दुष्काळात नदी पार आटली. सगळा गाव हवालदिल होता. गुरुजी मला एकदा ओशाळून म्हणाले, "सर, बोलू ने, पन औंदा मैदान लई मोठं झालंय." त्या वर्षभरात सोपान जिल्ह्याच्या संघात गेला, तिथून राज्याच्या. मग निरोप आला की देशाच्या तरुण संघासाठी निवडायच्या पोरांत त्याचं नाव चर्चेत आहे. पुण्याला या, वयाचा दाखला आणा.

त्या संध्याकाळी गुरुजी माझ्याकडे आले ते उभे होते. मॅच नव्हती, तरी उभे होते.

"काय झालं?"

"त्याचं वय बसत न्हाई."

"किती जास्त आहे?"

"जास्त न्हाई वो. कमी हाय. कागदावर जास्त हाय. कागद माझा हाय."

मग त्यांनी सांगितलं. आमच्या भागात तेव्हा जन्माची नोंद फारशी कोणी करत नसे. जून महिन्यात आई पोराला घेऊन शाळेत यायची. गुरुजी पोराला म्हणायचे, उजवा हात डोक्यावरून ने आणि डावा कान धर. कान हाताला लागला की पोर सहा वर्षांचं, मग जन्मतारीख सहा वर्षांमागचा एक जून. आमच्याकडचा निम्मा गाव असा एकाच तारखेला जन्मलेला आहे. सोपानची आई त्याला घेऊन आली तेव्हा तो जेमतेम चार वर्षांचा असेल. गुरुजींना ते दिसत होतं. पण बाई म्हणाली होती, "कुठं ठिवू याला? फडात पाचटात इच्चूकाटा असतोय. घ्या की वो पदरात." गुरुजींनी पोराला कान धरायला सांगितलं. एवढंसं पोर, आणि हात असा लांब, की बोटं कानाच्या पाळीच्याही खाली आली.

"मी म्हनलं, पोचला. बास. घेतला." गुरुजी स्वतःच्या तळहाताकडे पाहत होते. "हातच लांब हुते, सर. वय न्हवतं."

आम्ही सोपानच्या आईकडे गेलो. तिला साल सांगता येईना, पण आठवण पक्की होती.

"टेशनात पान्याची टाकी चढावली ना, तवा मी पोटुशी हुते. समदा गाव बघाया गेल्ता, मीबी गेल्ते. सासू वरडली, टाकी पडंल अंगावर. त्याच पावसाळ्यात ह्यो झाला."

टाकी म्हणजे इंजिनांना पाणी देणारी. आम्ही तिघे तसेच स्टेशनात गेलो. टाकीच्या लोखंडी पट्टीवर साल ओतीव अक्षरांत होतं. कागदावरच्या सालापेक्षा ते दोन वर्षांनी अलीकडचं होतं. कागदावर सोपान मर्यादेच्या बाहेर गेला होता, टाकीच्या हिशेबाने अजून चांगला आत होता. गुरुजींनी हात वर करून ती अक्षरं चाचपली. इतकं आनंदलेलं मी त्यांना पूर्वी पाहिलं नव्हतं.

पुण्याला गुरुजी आणि सोपान यांच्याबरोबर मीही गेलो, इंग्रजी बोलायची वेळ आली तर असावं म्हणून. ती वेळ आली नाही. टेबलामागे तिघे होते, आणि त्यांतले एक कोपरगावचे ते ड्रिलमास्तर. आता ते वरच्या समितीवर गेले होते.

"हा दाखला कोणी दिला?" मधल्या गृहस्थांनी विचारलं.

"मी."

"आणि तो चुकीचा आहे असं कोणाचं म्हणणं?"

"माझंच."

"मग बरोबर काय हे कोण सांगणार?"

"त्याची आई. आनि पान्याची टाकी."

ते तिघे एकमेकांकडे बघू लागले. मग ड्रिलमास्तरांनी आपल्या वरच्या ओठावरून हळूच बोट फिरवलं, आणि खोलीत जो हशा उसळला तो थांबेना. "टाकीला घेऊन यायचं होतंत साक्षीला," मधले गृहस्थ डोळे पुसत म्हणाले. "अहो गुरुजी, वय कमी करून मागायला रोज माणसं येतात. निदान तुमच्याकडून तरी ही अपेक्षा नव्हती."

गुरुजी खरंच बोलत होते. पण इतकी वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या वयावर बोट ठेवलं होतं, त्यामुळे त्यांचं खरं ऐकायला त्या खोलीत कोणीच उरलं नव्हतं.

आम्ही बाहेर चहाच्या टपरीवर उभे होतो. थोड्या वेळाने ड्रिलमास्तर तिथे आले. मला वाटलं, आणखी टोचायला आले असतील. पण त्यांनी स्वतःहून चौघांचा चहा सांगितला.

"गुरुजी, तुमच्यापायी त्या दिवशी माझी चार पोरं बाहेर बसली. तरी सांगतो. पोरगं सोनं आहे. माझ्या ओळखीची एक शाळा आहे. दुसरीत नाव होतं असं दाखवून उद्या संध्याकाळपर्यंत नवा दाखला करून देतो. वय तुमच्या टाकीचंच टाकू. खरंच वय लिहायचं, मग खोटं कुठे आलं?"

गुरुजींनी विचारलं, "त्या शाळेत गेलाय का हा कधी?"

"नाही. पण त्याने काय होतं?"

"मग ते खोटंच की."

"अहो, खऱ्यासाठीच ना!"

"खऱ्याला खोटा कागद कशापायी लागावा?" गुरुजी म्हणाले. आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. ड्रिलमास्तरांनी माझ्याकडे पाहिलं, मी सोपानकडे. तो बशीतला चहा फुंकत होता. त्याला विचारायला हवं होतं, असं आता वाटतं. त्या काळी पोरांना असं काही विचारत नसत. तोच म्हणाला, "गुरुजी, जाऊ द्या. गाडीची येळ झाली."

परतीच्या गाडीत जागा होती. गुरुजी दाराशी दांडा धरून उभे राहिले ते पुणतांब्यापर्यंत. नगर गेल्यावर मी उठून त्यांच्याजवळ गेलो. म्हटलं, "बसा आता. लागला निकाल."

"कुठं लागला? आपली पोरं अजून खेळायची हायत."

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात ती पोरं बँकॉकला खेळली. आशियातल्या सगळ्या तरुण संघांची स्पर्धा होती. सकाळची शाळा चालू होती आणि गुरुजी त्या वेळी इतके दिवस उभे होते की त्यांचे पाय सुजले. संघ हरून परत येतच नव्हता. प्रत्येक शिळ्या अंकात तो पुढच्या फेरीत गेलेला असे, आणि मी वाचून संपवलं की गुरुजी म्हणत, "म्हंजे अजून उभंच की." तक्रार नव्हती ती. त्यांचे डोळे हसत असत.

शेवटी एका दुपारी गार्डसाहेबांनी गाडी पुरती थांबायच्या आतच डब्यातून ओरडून सांगितलं, "गुरुजी, जीत गये!" फलाटावरच्या लोकांनी गुरुजींना खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. ते मात्र अंक घेऊन भर उन्हात माझ्या खोलीवर आले. मागे पाच-पन्नास पोरं.

मी वाचलं. अंतिम सामना इराणशी झाला होता. दोन-दोन अशी बरोबरी. कप दोघांना विभागून. आपला तरुण संघ आशियाचा विजेता ठरला होता, इराणच्या बरोबरीने.

पोरांनी एकच गलका केला. गुरुजींनी हाताने त्यांना गप्प केलं.

"दोघांना म्हंजे?"

"दोघंही विजेते. अर्धा अर्धा कप म्हणा."

"आपल्यावर गोल दोन झाले?"

"हो."

गुरुजींनी माझ्या हातून अंक घेऊन त्याची घडी घातली. मग म्हणाले, "त्या गोलकीपर पोराला बोल न्हाई. हुशारच असनार, त्याबिगर का तिथपत गेला? त्याचे हात काय मी बघितले न्हाईत." आणि त्यांचा उजवा हात आपोआप डोक्यावरून पलीकडे गेला आणि त्यांनी स्वतःचा डावा कान धरला. पोरांना ती गंमत वाटली. दोघा-तिघांनी तसंच केलं.

"दोनातला एक जरी सोपानानं अडवला असता, तर कप सगळा आपला हुता. अर्धा कप मी घालावला, सर."

मी शिकलेल्या माणसाला सुचेल ते सगळं बोललो. म्हटलं, निवडला गेला असता तरी त्यालाच खेळवलं असतं कशावरून? त्याने दोनाच्या जागी चार सोडले असते. कदाचित तिथवर पोचलाच नसता संघ. गुरुजी सगळं ऐकून घेत होते.

"बरोबर हाय तुमचं," ते म्हणाले. "पन ते आता कळायचं कसं?"

मी खुर्ची पुढे सरकवली. "बसा तरी. पाय बघा केवढे झालेत."

"बरोबरी हाय, सर. निकाल कुठं लागलाय?"

सुरुवातीला आम्हाला वाटलं, दोन दिवस चालेल. पण जून आला, शाळा उघडली, आणि गुरुजी उभेच. घरी ते बसत, ओट्यावर बसत, माझ्याकडेही पुढे बसू लागले. वर्गातल्या खुर्चीत मात्र नाही. त्याच खोलीत, त्याच खुर्चीशेजारी त्यांनी चार वर्षांच्या सोपानला कान धरायला लावलं होतं, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. पुढे त्या खुर्चीवर पृथ्वीचा गोल ठेवू लागले. साहेब तपासणीला आले की विचारत, गुरुजी, बसत का नाही? ते म्हणत, सवय नाही. नंतरच्या पोरांना कारण माहीतच नव्हतं. त्यांना वाटे, गुरुजींच्या गुडघ्यांत काही दोष असेल.

कान धरायला लावणं त्यांनी त्याच जूनमध्ये सोडलं. पोराला घेऊन आलेल्या आईला ओट्यावर बसवायचं, पाणी द्यायचं आणि विचारायचं, "हा झाला त्या साली गावात काय नवं झालं हुतं? आठवा, बाई. घाई न्हाई." विहीर, पूल, दिव्याचे खांब, कोणाची मोटार. एका प्रवेशाला सकाळ जाई. हेडमास्तर वैतागत.

सोपान रेल्वेत लागला, लाइनीवर. पक्की नोकरी, पुढे क्वार्टर. त्याची आई गुरुजींना भेटली की दर वेळी म्हणायची, "तुमी तवा घेतला नस्ता तर फडातच ऱ्हायला अस्ता. दोन बुकं शिकला म्हून रेल्वेत गेला." गुरुजी मान हलवत. ते खरं होतं, आणि त्यांना ते पटतही असावं. पण त्याने दुसरं काही खोडलं जात नव्हतं. सोपानकडून मी त्या गोष्टीविषयी कधी शब्द ऐकला नाही. गावच्या संघात तो फार वर्षं खेळला नाही. ड्यूटी असे.

गुरुजी गेल्याचं कळलं तेव्हा मी बदली होऊन नगरला आलो होतो. सकाळच्या गाडीने गेलो. अंगणात गर्दी होती. त्यांच्या रिवाजाप्रमाणे त्यांना आंघोळ घालून, विभूती लावून, फुलांनी सजवलेल्या पालखीत बसवलं होतं, मांडी घालून, पाठ ताठ. पण मान सारखी एका अंगाला कलत होती. कोणी उशी लावून पाहिली, कोणी पट्टा बांधा म्हणालं.

तेव्हा गर्दीतून सोपान पुढे आला. केस पिकायला लागले होते. तो पालखीच्या मागे गेला, दोन्ही हात लांब करून पुढे आणले आणि गुरुजींचं डोकं दोन तळव्यांत धरलं. चेंडू धरतात तसं, घट्ट, पण न दुखेल असं. तसाच तो चालू लागला. जागा लांब होती, नदीच्या अंगाला. खांदेकरी बदलले. त्याला दोघा-तिघांनी म्हटलं, दे जरा आमच्याकडे. तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. पोचतोय माझा हात."

मी मागून चाललो होतो. गुरुजी बसले होते.